खैरनार सरांची मोजणी

खैरनार सरांच्या खिशात पेनाशेजारी एक लोखंडी यंत्र असायचं. मुठीत मावेल एवढं. वरचं बटण अंगठ्यानं दाबलं की टिक असा आवाज व्हायचा आणि छोट्या खिडकीतला आकडा एकानं पुढे जायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायला ते घेतलेलं होतं. पण हात रिकामा असला की सरांचा अंगठा आपोआप त्या बटणावर जायचा. जिना चढताना पायऱ्या, झाडावरचे बगळे, वर्गातली गैरहजर मुलं, काहीही. व्हरांड्यातून टिकटिक ऐकू आली की आम्ही वह्या उघडायचो.

त्यांच्याबद्दल लिहावं असं खूप दिवस मनात होतं. मला नीट जमेल की नाही माहीत नाही. सरांचा सगळा जीवनक्रम मला ठाऊक नाही आणि जो ठाऊक आहे त्यातला काही भाग त्यांनी स्वतः मला सांगितलेला नाही. पण त्यांच्या आयुष्यातल्या एका वाईट दिवसाला मी कारण झाले होते. तेवढ्यासाठी तरी लिहायला हवं.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून चौऱ्याण्णव साली नाशिकला कॉलेजात आले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. प्राणिशास्त्राच्या पहिल्या तासाला सर आले, फळ्यावर काहीच लिहिलं नाही आणि विचारलं, "आज सकाळपासून आंबट काय खाल्लं, कोणी सांगेल?" सगळे हसले. माझ्या शेजारच्या मुलीनं कुजबुजून सांगितलं की यांना मुलं लिंबू सर म्हणतात. मग सरांनी विचारलं की कोणाच्या घरी शेळ्या आहेत. हात वर करावा की नाही या विचारात मी अर्धवट वर केला.

"आडनाव?"

"गावित, सर."

"गावित, तुमची शेळी तुमच्यापेक्षा हुशार आहे." वर्ग पुन्हा हसला. मला रडू येणार होतं. पण सर हसत नव्हते. ते म्हणाले, "शेळी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवते. कोंबडी बनवते, उंदीर बनवतो. माणसाला येत नाही. कधीतरी येत होतं, ती विद्या आपण हरवली. आता रोज बाहेरून मागून खावं लागतं. शेळीला जमतं, आपल्याला नाही. लिहून घ्या."

त्यांचा विषय तोच होता. पीएच.डी.साठी ते क जीवनसत्त्व आणि मेंदूच्या मूळपेशी यांच्यावर काम करत होते. मी आले तेव्हा त्या कामाला आठ वर्षं झाली होती. मूळपेशी म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला असं सांगितलं होतं की ते मी आज माझ्या विद्यार्थ्यांनाही तसंच सांगते. ते म्हणायचे, मेंदू तयार होण्याआधी तिथे अशा पेशी असतात की ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. एफवायच्या मुलांसारखं. पुढे त्यातली कोणी चेतापेशी होणार, म्हणजे विचार करणारी, निरोप नेणारी. कोणी आधारपेशी होणार, म्हणजे तिला सांभाळणारी. आणि कोणी नापास. कोणती पेशी काय होणार हे भोवतालावर ठरतं. त्या भोवतालात क जीवनसत्त्व असलं तर जास्त पेशी चेतापेशी होतात का, एवढाच सरांचा प्रश्न होता.

विभागाच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिच्यात सरांनी स्वतः बनवलेली उबवणपेटी होती. जुन्या लाकडी कपाटाला आतून थर्माकोल लावून दोन बल्ब बसवले होते. दिंडोरी रोडच्या हॅचरीतून अंडी यायची. काही दिवस उबवलेल्या अंड्यातून सर कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूचा कण काढायचे, त्यातल्या पेशी सुट्या करायचे आणि काचेच्या छोट्या ताटल्यांत वाढवायचे. अर्ध्या ताटल्यांत क जीवनसत्त्व, अर्ध्या तशाच. काही दिवसांनी त्या पेशी काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन मोजणी. टिक, टिक, टिक.

क जीवनसत्त्वाचं द्रावण ते रोज सकाळी आठला ताजं करायचे आणि दुपारी ताटल्यांत घालेपर्यंत बाटलीला फोटोग्राफरकडून आणलेला काळा कागद गुंडाळायचे. उजेड लागला की मेलं, हवा लागली की मेलं, असं म्हणायचे. जणू बाटलीत काही जिवंत होतं. मुलांची जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड उघडी दिसली तर सर जाता जाता तिच्यावर झाकण ठेवायचे. इतर प्राध्यापक चेष्टा करायचे. एक जण तर स्टाफरूममध्ये त्यांना पाहिलं की म्हणायचे, "खैरनार, झाला का प्रबंध? का लोणचंच घालायचंय त्याचं?" सर म्हणायचे, "मुरायला वेळ लागतो." आणि निघून जायचे.

या खोलीचा दुसरा माणूस म्हणजे तात्या. प्रयोगशाळेचे परिचर. त्यांचे आजोबा-पणजोबा नाशिकच्या जुन्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकायचे. तात्यांना स्वच्छतेचं वेड होतं. मी एसवायला असताना पावसाळ्यात सरांच्या सगळ्या ताटल्यांवर बुरशी आली. सहा महिन्यांचं काम गेलं. सर कधी कोणाला बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी मुलांसमोर तात्यांना म्हणाले, "तात्या, पाणी तरी नीट ठेवा." बस, एवढंच. तात्या दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून पाणी भरायचा तांब्याचा एक कळस आणला. आजोबांच्या हातचा, चिंच आणि मीठ लावून लख्ख घासलेला. ऊर्ध्वपातन केलेलं पाणी ते काचेच्या बरणीऐवजी त्या कळसात रात्रभर ठेवायला लागले. मला म्हणाले होते, "पोरी, तांब्यात किडा राहत नाय. आमच्या बापजाद्यांनी उगाच नाय सांगितलं."

आणि खरोखर बुरशी गेली. पुन्हा आली नाही. सरांनी विचारलं तेव्हा तात्यांनी कळस दाखवला. सर म्हणाले, "वा, तात्या." तात्यांनी हे दोन शब्द वर्षभर सगळ्यांना सांगितले.

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती टीवायच्या दिवाळीनंतर. माझा छोटा प्रकल्प होता, आमच्या पेठच्या रानभाज्यांत आणि आवळ्यांत क जीवनसत्त्व किती असतं ते मोजायचं. गावाहून पिशवीभर रानआवळे आणले होते, त्यातले थोडे सरांच्या घरी द्यावेत असं वाटलं. म्हसरूळला त्यांचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढे जाईचा वेल. सर घरी नव्हते. दार सरांच्या पत्नीनं, काकूंनी उघडलं. पिशवीत काय आहे हे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसातरीच झाला. पण म्हणाल्या, ये, बैस.

आत जमिनीवर गादीवर एक मुलगी बसली होती. बारा वर्षांची असेल. मान एका बाजूला कललेली, हात आखडलेले. मला पाहून ती मोठ्यानं हसली. काकू म्हणाल्या, ही मनू. चालत नाही, बोलत नाही, पण माणसं आली की तिला आवडतं. मी तिच्या हातात एक आवळा दिला. तो तिच्या हातून घरंगळला, आणि काकूंनी तो उचलून पदराला पुसला.

तो दिवस नसता तर हे लिहिण्याजोगं काही माझ्याकडे नसतं. काकू आवळे किसायला बसल्या आणि किसता किसता सांगत गेल्या. मी विचारलं नव्हतं. मनू पोटात असताना त्या सटाण्याकडे सासरी होत्या. हिवाळा होता, आवळ्याचे दिवस. त्यांना आंबट खावंसं वाटायचं. घरात सासूबाईंचा शब्द चालायचा. त्या म्हणायच्या, "आंबट नको खाऊ, पोरले सर्दी व्हई." सर सुट्टीत आले तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे तक्रार केली. सर म्हणाले, आई म्हणते तर नको खाऊ, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

"एवढंच बोलले," काकू म्हणाल्या. "त्या एका वाक्यापायी दहा वर्षं त्या खोलीत बसलेत. त्यांना वाटतं, पोरीचा मेंदू माझ्यामुळे असा झाला. डॉक्टर सांगून थकले की कारण कळत नाही. पण यांना कळायला हवंय."

काकू पुढे म्हणाल्या की त्यांनी तेव्हा चोरून आवळे खाल्ले होते. विहिरीवर जाताना एक झाड होतं. हे त्यांनी सरांना नंतर सांगितलंही होतं.

"मग?"

"मग काय. म्हणाले, किती खाल्लेस ते मोजून सांग." काकूंनी किसणी ताटावर आपटली. "चोरून खाल्लेले कोणी मोजतं का गं?"

आता तो वाईट दिवस. माझ्या प्रकल्पात एक निळा रंग वापरायचा असतो. त्यात क जीवनसत्त्व पडलं की रंग उडतो. किती थेंबांनी उडतो यावरून त्याचं प्रमाण काढतात. आधी ज्यात क जीवनसत्त्व नक्की आहे अशा द्रावणावर हात बसवायचा असतो. सर म्हणाले, माझ्या बाटलीतलं घ्या, सकाळीच केलंय. मी साडेदहाच्या सुमारास त्यातलं थोडं घेतलं. रंग उडाला नाही. पुन्हा घेतलं, थेंब वाढवले. नाही. चार वेळा केलं. मग आवळ्याच्या रसाचे दोन थेंब टाकले आणि निळा रंग पाण्यासारखा साफ झाला.

मला वाटलं, माझंच चुकतंय. आमच्यासारख्यांना पहिल्यांदा तेच वाटतं. दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. रोज सरांच्या बाटलीतलं थोडं घेऊन करून पाहत होते, आणि रोज निळं ते निळंच. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दाराशी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझं काहीतरी चुकतंय."

सर आले. त्यांनी स्वतः केलं. मग ताजं द्रावण केलं, तात्यांच्या कळसातल्या पाण्यात, आणि लगेच रंगात टाकलं. रंग उडाला. सर म्हणाले, बघा. मग ते थांबले. घड्याळ पाहून तासभर तसेच उभे राहिले. तासानंतर त्याच बाटलीतलं घेतलं. रंग उडाला नाही. तेव्हा त्यांनी ऊर्ध्वपातनाच्या नळीखाली काचेचं भांडं धरून थेट पाणी घेतलं, त्यात द्रावण केलं, काळा कागद गुंडाळला आणि मला म्हणाले, दुपारी या. दुपारी रंग उडाला. संध्याकाळीही उडाला.

सरांनी कळसाकडे पाहिलं. तो खिडकीत होता, त्यावर ऊन पडलं होतं. मला समजलं नव्हतं. त्यांनी अगदी वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितलं की पाण्यात तांब्याचा अंश उतरला तर क जीवनसत्त्व टिकत नाही. बुरशी मरते, आणि हेही मरतं. सव्वा वर्ष आपण ताटल्यांत जे घालत होतो ते म्हणजे नुसतं पाणी.

मी म्हणाले, म्हणजे सव्वा वर्षाचं काम गेलं. सर म्हणाले, "तसं असतं तर बरं होतं, गावित." आणि कपाटातून मोजणीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या सव्वा वर्षाचीही पानं होती. प्रत्येक पानावर दोन रकाने, क असलेल्या ताटल्या आणि क नसलेल्या. आणि प्रत्येक पानावर क असलेल्या ताटल्यांत चेतापेशी जास्त होत्या. आधीच्या वर्षांत जेवढ्या जास्त, तेवढ्याच.

मला उमजायला वेळ लागला. ज्यात क नव्हतंच, त्यातही सरांना जास्त दिसल्या होत्या. मोजताना कोणती ताटली कोणती हे त्यांना माहीत असायचं. अर्धवट दिसणारी पेशी धरायची की सोडायची हे मोजणाऱ्याचा डोळा ठरवतो, आणि सरांच्या डोळ्यानं आधीच ठरवलेलं होतं.

पुढचे आठ दिवस मी काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या कोऱ्या कागदानं झाकायचे, क्रम बदलायचे, आणि सर नव्यानं मोजायचे. टिकटिक अगदी संथ झाली होती. आठव्या दिवशी मी कागद काढले. कधी इकडे जास्त, कधी तिकडे. फरक नव्हता. सव्वा वर्षापूर्वीच्या, चांगल्या पाण्यातल्या काचपट्ट्याही त्यांनी काढल्या. पण त्यांचा रंग विटून गेला होता, त्या पुन्हा मोजता येण्यासारख्या नव्हत्या. म्हणजे आधीचं खरं होतं की तेही डोळ्यानंच ठरवलेलं, हे कळायला मार्ग राहिला नाही.

प्रबंध टाइप होऊन बांधायला गेलेला होता. पुण्याच्या त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितलं की शेवटचं सव्वा वर्ष गाळा आणि उरलेलं द्या, कोणी विचारणार नाही. सर पुण्याहून परत आले, बांधणाऱ्याकडून कागद आणले आणि कपाटात ठेवले. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: या वहीतल्या मोजणीवर विश्वास ठेवू नये. खाली सही केली. स्टाफरूममधल्या त्या प्राध्यापकांनी पुन्हा लोणच्याचं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "नासलं." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मला सर एकच गोष्ट बजावून म्हणाले. "तात्यांना सांगायचं नाही." मी म्हणाले, पण सर, उद्या पुन्हा ते... "उद्या पुन्हा काही होणार नाहीये," ते म्हणाले. तात्या निवृत्त होईपर्यंत रोज कळस घासत राहिले. निरोप समारंभात सर बोलायला उठले आणि म्हणाले की तात्यांनी कळस आणल्यापासून एकाही ताटलीवर बुरशी आली नाही. ते खरंच होतं. तात्या रडले.

त्या दिवसांत एकदा मी धीर करून सरांना म्हणाले होते की एका अर्थी बरं झालं. काही सिद्ध झालं नाही, म्हणजे त्या आवळ्यांचंही काही नाही. काकूंनी मला सांगितलंय हे त्यांना तेव्हा कळलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला शिक्षा हवी होती, गावित. सुटका नको होती. आता दोन्ही नाही."

मी पुण्याला एम.एस्सी. केलं, पुढे नाशिकला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली असं ऐकलं. अधूनमधून भेटावंसं वाटायचं आणि राहून जायचं. पुण्यात असताना मी ग्रंथालयात त्या विषयाचं काही दिसलं की वाचायचे. एक दिवस एक लेख सापडला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं काम, ताटलीत वाढवलेल्या मेंदूच्या मूळपेशींवरचं. क जीवनसत्त्व दिलं की जास्त पेशी चेतापेशी होतात, असं त्यात निघालं होतं. सरांचाच प्रश्न. मी त्याची झेरॉक्स काढली आणि ती वर्षानुवर्षं माझ्या पर्समध्ये राहिली. द्यावी की देऊ नये, हे मला ठरवता आलं नाही. दिली तर त्यांचा प्रश्न खरा ठरत होता. आणि प्रश्न खरा ठरला तर ते वाक्य, आई म्हणते तर नको खाऊ, पुन्हा उभं राहत होतं.

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात मी पेठची गाडी धरायला जुन्या सीबीएस बसस्थानकावर गेले होते. बाकावर सर बसलेले दिसले. केस पूर्ण पांढरे. शेजारी चाकाच्या खुर्चीत मनू, आता वीस वर्षांची. सटाण्याच्या गाडीची वाट पाहत होते. काकू चौकशीच्या खिडकीशी रांगेत होत्या. सर संत्रं सोलून एकेक फोड मनूच्या तोंडात देत होते. आणि मनूच्या आखडलेल्या मुठीत ते लोखंडी यंत्र होतं. फोड तोंडात गेली की ती अंगठ्यानं बटण दाबायची. टिक. मग मोठ्यानं हसायची.

मी पाया पडले. सर म्हणाले, "गावित बाई," आणि हसले. मी कुठे असते, काय शिकवते, सगळं विचारलं. मग म्हणाले, "आपल्या विषयात काही नवीन?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्याशी नाही जमलं. मी पर्स उघडली आणि ती झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. घडीवर शाई पुसट झाली होती. मी म्हणाले, सर, हे ताटलीतल्या पेशींचं आहे. पोटातल्या बाळाचं असंच होतं असं यात कुठेही म्हटलेलं नाही. आईनं दोन महिने आंबट खाल्लं नाही म्हणून असं होतं, असं कोणीच म्हटलेलं नाही. मी भराभरा बोलत होते.

सरांनी पहिलं पान वाचलं. चष्मा कपाळावर केला.

"मोजणाऱ्याला माहीत होतं का, कोणती ताटली कोणती?"

"नाही, सर. चिठ्ठ्या झाकलेल्या होत्या."

"हं," सर म्हणाले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेत म्हणाले, "म्हणजे प्रश्न बरोबर होता."

माझी गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला. मी काकूंकडे हात केला, त्यांनी रांगेतूनच केला. खिडकीची जागा मिळाली. गाडी मागे घेत होते तेव्हा मला ते दोघे दिसत होते. कागद सरांच्या मांडीवर होता. एका हातात संत्र्याची फोड होती, पण हात तसाच हवेत थांबलेला, आणि ते समोर कुठेतरी पाहत होते. मनू तोंड उघडून वाट पाहत होती. बराच वेळ फोड आली नाही. मग तिनं तशीच, रिकाम्या तोंडानं, अंगठ्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.